कामाला लावा म्हणजे नेमकं कुठं लावा?

"आता बराच स्टेबल आहे, त्याला कामाला लावा." माझ्या भावाबद्दल डॉक्टर हे म्हणाले तेव्हा पुढच्या पेशंटची फाईल त्यांच्या हातात आलीसुद्धा होती. बाहेर एवढी गर्दी, त्यांना मी दोष नाही देत. खाली मेडिकलच्या लायनीत उभ्या असताना आई म्हणाली, "कामाला लावा म्हणजे कुठं लावायचं गं?" या एका प्रश्नात आमचं दीड वर्ष गेलं.

भावाला विचारूनच लिहितेय. त्याने पोस्ट वाचली, एक वाक्य काढायला लावलं, ते काढलंय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. औंध आयटीआयचा मशिनिस्ट, भोसरीत सात वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होता, मग आजारपण, दोनदा ॲडमिट, मग हळूहळू सावरणं, या सगळ्यात चार वर्षं गेली. आता गोळ्या वेळेवर घेतो, आईला दळण आणून देतो, क्रिकेटवर माझ्या नवऱ्याशी भांडतो. पण सकाळी साडेनऊच्या आत त्याचे डोळे नीट उघडत नाहीत, रात्रीच्या गोळीचा अंमल असतो, आणि हात थोडे थरथरतात. म्हणजे सातची फर्स्ट शिफ्ट बाद. मशीनवर पुन्हा उभं राहायची त्याची स्वतःचीच तयारी नव्हती. हे बारीकसारीक कुणाला माहिती? आम्हाला आणि डॉक्टरांना. नोकऱ्या कुठे आहेत हे कुणाला माहिती? ना आम्हाला ना डॉक्टरांना.

कुणीतरी सांगितलं सरकारी रोजगार केंद्रात नाव नोंदवा. पूर्वी ज्याला सगळे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचे तेच, आता नाव भलंमोठं झालंय, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पुण्याचं ऑफिस रास्ता पेठेत. नोंदणी महास्वयं पोर्टलवर घरबसल्याही होते, पण मी म्हटलं समोर बसून बोलू. तिथल्या मॅडम खरंच चांगल्या होत्या, फॉर्म भरायला मदत केली. शिक्षण, ट्रेड, अनुभव. मग सहज विचारलं, "मधली चार वर्षं काय करत होता?" भाऊ म्हणाला, "आजारी होतो." "आता बरे आहात ना?" "हो." संपलं. यात त्यांचं काही चुकलं नाही. साडेनऊ, थरथर, गर्दीत गोंधळायला होणं, यातलं काहीच लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही, आणि त्यांनी हे विचारावं असं त्यांच्या ड्युटीत कुणी लिहिलेलं नाही.

मग मोबाईलवर रोजगार मेळाव्याचे मेसेज यायला लागले. एकाला गेलो. मांडव, स्पीकर, हजारभर पोरं, आणि एका कंपनीच्या टेबलावरच्या मुलाने रिझ्युमे बघून "गॅप आहे का? बरं बरं" म्हणत तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, आमच्या समोरच. भाऊ बसस्टॉपपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या आठवड्यात आम्हाला वाटलं, परत सुरू होतंय की काय.

आता सगळे सांगतात की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा जास्तचं सर्टिफिकेट असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षणात बसता येतं. त्यातला मानसिक आजार, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून वाटा १ टक्का, पण असो, आहे हे तरी आहे. गंमत पुढे आहे. हे टक्के ज्या स्केलवर मोजतात तिचं नाव आयडियाज, त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा तेही. जेवढं जमत नाही तेवढे मार्क जास्त. म्हणजे माणूस सावरला, घरात कामं करायला लागला की टक्के घसरतात. कामाला लागण्यासाठी कागद पाहिजे आणि कागदासाठी काम जमत नाही हे दाखवायचं! आईचा तर कार्डालाच विरोध होता, शिक्का बसेल, लग्न कसं होईल वगैरे. मला तिचं पटत नाही, पण तिची भीती खोटी आहे असंही छातीठोक म्हणवत नाही.

कार्डावर माझा राग नाहीये. मला खटकतं ते वेगळंच. गोळी लिहून देणारा आहे, नाव नोंदवून घेणारा आहे, मधे चालणारं कोणी नाही. ते मधलं चालणं घरच्यांच्या पायावर टाकलंय, आणि घरच्यांना ना औषधातलं कळत ना नोकरीतलं. मी बँकेत काम करते, फॉर्मला घाबरत नाही, तरी मी थकले. ज्याच्या घरी फक्त सत्तरीतले आईवडील आहेत त्याने काय करायचं?

आणि हे काही अशक्यातलं मागणं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या आसपास एक पद्धत बसवली, आयपीएस म्हणतात (पोलिसांतलं नव्हे, इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट), इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही आता ती वापरतात. त्यात नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टरांच्या टीममध्येच बसतो, एकाकडे साधारण वीसच जण, तो पेशंटला कसलं काम हवंय ते विचारतो आणि स्वतः मालकांना जाऊन भेटतो. नोकरी लागल्यावर गायब होत नाही, नंतरही बघत राहतो. मुख्य म्हणजे 'आधी पूर्ण बरा हो, मग ट्रेनिंग, मग बघू' हे तिथे उलटं केलंय. काम करायची इच्छा आहे ना, मग आधी खरीखुरी पगाराची नोकरी, शिकणं तिथेच. आपल्याकडे अशा माणसांना काम म्हटलं की मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या बनवण्यावर गाडी अडते. (मेणबत्तीला नावं ठेवत नाहीये. पण सात वर्षं सीएनसी चालवलेल्या माणसाला मेणबत्ती?)

कुणी म्हणेल, डॉक्टरांनीच कंपनीला एक फोन करावा. नाही करायचा! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क पेशंटला दिलाय. मालकाला काय सांगायचं, किती सांगायचं, सांगायचंच का, हे त्याने ठरवायचं, बहिणीनेसुद्धा नाही. मी हे एकदा परस्पर केलं होतं आणि त्याने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला, बरोबर केलं. तसंच रिकाम्या जागा कळवण्याचा १९५९ चा कायदा आला तेव्हापासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपन्यांनीही त्या एक्स्चेंजला कळवायच्या होत्या, पण माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती त्यात नव्हती. म्हणून नुसत्या यादीवर विसंबून आमच्यासारख्यांचं होत नाही, कुणीतरी मालकाशी बोलणारं लागतं.

पुणे यात मागे असायचं कारणच नाही. येरवड्याचं मनोरुग्णालय इथे, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून इथे, 'सा'सारखी स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था इथे, आणि भोसरी, चाकण, रांजणगावचे कारखानेही इथेच. रोजगार केंद्राचा एक माणूस आठवड्यातून एक सकाळ सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत टेबल टाकून बसला तर किती खर्च येईल? एक टेबल, दोन खुर्च्या. व्यसनमुक्तीतून बाहेर पडलेल्यांनाही तेच टेबल चालेल, त्यांच्याही रिझ्युमेत तसलीच भोकं असतात.

आमचं काम शेवटी ओळखीनेच झालं, हे लिहायला मला लाजच वाटते. शेजारच्या काकांच्या मेहुण्यांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. ते घरी चहाला आले, भावाने स्वतःच आजाराचं सांगितलं, हाताचंही सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग खिशातून एक पिन काढली, पिशवीतून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी काढली आणि म्हणाले, "मोज." हात थरथरत होता. त्याने कोपर टेबलावर टेकवलं, श्वास सोडला, आणि म्हणाला, "बारा पॉइंट झिरो चार." त्यांनी स्वतः मोजून बघितलं. बारा पॉइंट झिरो चार.

मशीनवर नाही, इन्स्पेक्शनला घेतलंय, सेकंड शिफ्ट. दापोडीहून सायकलवर जातो, रात्री साडेबाराला येतो, आई तोवर जागी. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. पाच महिने झाले. मधे चार दिवस नीट नव्हता, सुट्टी मागितली, मिळाली.

पोस्ट वाचून तो म्हणाला, एवढं लिहिलंस तर शेवटी हेही टाक, त्यांच्याकडे इन्स्पेक्शनला अजून एक माणूस पाहिजे, व्हर्नियर-मायक्रोमीटर वाचता आलं पाहिजे, मधला गॅप चालेल. टाकलं. मला इनबॉक्स करा.