पैसा परत जातो, पण कोणामुळे?

मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याच ग्रुपवर माझी धाकटी बहीण आहे, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. मेसेजचं म्हणणं असं: सरकारने संशोधनाला 1 लाख कोटी दिले, पोरं महिन्याला 37 हजार घेतात, तरी पैसा न वापरता परत जातो, धोरण उत्तम, शास्त्रज्ञच आळशी. ती गप्प बसली. मला गप्प बसवेना.

1 लाख कोटींची योजना जुलै 2025 मध्ये मंजूर झाली हे खरं. पण ती मुख्यतः खासगी कंपन्यांसाठी आहे, कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी कर्जाच्या रूपात. विद्यापीठातल्या लॅबला त्यातून रसायनं विकत घेता येत नाहीत.

37 हजार ही पहिल्या दोन वर्षांची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, तीही पात्र ठरलेल्यांनाच. बहिणीची फेलोशिप एकदा सात महिने रखडली. घरभाडं बाबांनी भरलं, मामांना ते माहीत आहे.

आता 'पैसा परत जातो' हा मुद्दा. जातो, हे मान्य. कसा जातो तेही ऐका. तिच्या प्रकल्पाचा वर्षाचा हप्ता जमा झाला जानेवारीच्या शेवटी. खर्च दाखवायचा 31 मार्चपर्यंत. हवं असलेलं एन्झाइम जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाही, मग तसं प्रमाणपत्र काढा, कोटेशनं मागवा, खरेदी समितीची तारीख घ्या. परदेशी पुरवठादार म्हणतो दहा आठवडे. मार्च संपला, रक्कम परत. वर 'अखर्चित शिल्लक' असा शेरा, आणि त्या शेऱ्यामुळे पुढचा हप्ता अडकला. आदल्या वर्षी माल वेळेत आला होता, पण कस्टममध्ये पडून राहिला. खोकं उघडलं तर कोरडा बर्फ उडून गेलेला, आतल्या कुप्या कोमट. यात आळस नेमका कोणाचा?

जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले, जेमबाहेरून उपकरणं घ्यायची मुभा संस्थाप्रमुखांना दिली. शास्त्रज्ञच आळशी असते तर नियम बदलायची गरज पडली नसती.

आणि 'धोरण उत्तम'? 2003 च्या विज्ञान धोरणात लिहिलं होतं, दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस, म्हणजे 2007 पर्यंत, संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या 2 टक्क्यांवर नेऊ. 2013 च्या धोरणात पुन्हा तेच 2 टक्के. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्याच आकडेवारीत 2020-21 चा आकडा आहे 0.64 टक्के, सरकारी आणि खासगी खर्च धरून. हा सरकारचा स्वतःचा आकडा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो पाहिलेला दिसत नाही.

रतीब घातल्यासारखे पेपर छापणारे लोक आपल्याकडे आहेत, नाही कशाला म्हणू? त्यांना जरूर धरा. पण त्यांच्यामुळे माझ्या बहिणीच्या कुप्या कोमट झाल्या नाहीत.

मामा, पुढच्या वेळी मेसेज टाकायच्या आधी तिला फोन करा. रात्री नऊनंतर करा, तोवर ती लॅबमध्ये असते.