एलिव्हेशनची झळ

घर बांधायला काढलेल्या माणसाला सल्ला तेवढा फुकट मिळतो, बाकी वाळूपासून वायरीपर्यंत सगळे विकत घ्यावे लागते, हे मी ऐकून होतो. परंतु त्या फुकटच्या सल्ल्याची किंमत पुढे दर महिन्याला वीजबिलावर युनिटांच्या रूपाने छापून येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

शाहूपुरीच्या पुढे आम्ही घेतलेल्या प्लॉटला रस्ता पश्चिमेला आहे. साताऱ्यात पश्चिमेकडून तीन पाहुणे येतात: संध्याकाळी यवतेश्वराच्या डोंगरावरून उतरणारा वारा, पावसाळ्यात तिरपी झड आणि उन्हाळ्यात दुपारी तीननंतरचे ऊन. यांपैकी पहिल्याला घरात घ्यावे आणि उरलेल्या दोघांची बाहेरच्या बाहेर बोळवण करावी, एवढीच माझी घराकडून अपेक्षा होती. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की भागते, कारण दुपारी सूर्य उंच असतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो साताऱ्याच्या बरोबर माथ्यावर येतो आणि त्यानंतर जुलै संपेपर्यंत भर माध्यान्ही किंचित उत्तरेलाच कललेला असतो. मावळतीचा सूर्य मात्र छज्ज्याला जुमानत नाही. तो खालून सरळ आत येतो आणि त्याला अडवायला उभा आडोसा, जाळी किंवा झाडच लागते. हे सर्व मी वहीत आकृत्या काढून इंजिनिअरसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी वही आदरपूर्वक बाजूला सरकवली आणि संगणकावर एक रंगीत चित्र उघडले. त्यात आमचे घर होते, दारात आमची नसलेली पांढरी मोटार होती, आणि पश्चिमेला जिन्याच्या पायथ्यापासून गच्चीच्या पॅराफिटपर्यंत निळसर रंगाची सलग काच होती.

"हे आपलं एलिव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी चेहरा," ते म्हणाले, आणि मी सोडून सर्वांनी श्वास रोखून धरला.

केंद्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये नव्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली असून, छत वगळता घराच्या बाह्य भागातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या आत असावी असा तिचा दंडक आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. इंजिनिअरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. "संहिता उत्तमच आहे," ते म्हणाले, "पण ती रस्त्यावरून दिसत नाही." सौभाग्यवतींचे मन तोवर चित्रातल्या कुंड्यांमध्ये गुंतले होते, आणि पुण्याहून मुद्दाम आलेल्या मेहुण्यांनी, "दाजी, काच पाहिजेच, नाहीतर लोक गोडाऊन समजून माल उतरवून जातील," असा निकाल दिला. मी आशेने नानांकडे, म्हणजे वडिलांकडे पाहिले. नानांची सारी नोकरी वीज मंडळात झाली. त्यांचा आक्षेप काचेला नव्हता, माझ्या काटकसरीला होता. "अरे, ज्या जिल्ह्यात कोयनेचा 1960 मेगावॅटचा प्रकल्प आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागली आहे, तिथे जन्मून तू पंख्याचे वॅट मोजतोस? हे म्हणजे कृष्णाकाठी राहून पाणी वाटीनं मोजण्यासारखं झालं." कोयनेची वीज साऱ्या राज्याला जाते आणि आमचे बिल मात्र आमच्याच दारात येते, हा युक्तिवाद मी गिळला.

काचेची लढाई हरल्यावर मी भिंतींकडे वळलो. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्याच्या पोटात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि त्यामुळे भाजक्या विटेच्या मानाने त्यातून उष्णता फारच सावकाश आत शिरते, एवढे मला माहीत होते. मिस्त्रींना वेगळेच काही माहीत होते. त्यांनी एक ठोकळा उचलून पाण्याच्या टाकीत सोडला. तो तरंगला.

"बगा सायेब. तरंगनाऱ्या ठोकळ्याचं घर कुनी बांधतं व्हय?"

"आपल्याला घर पाण्यात बांधायचं नाही, मिस्त्री."

"आन् वेण्णेला पूर आला मंग?"

वेण्णेचे पाणी आमच्या चढापर्यंत आले, तर साताऱ्याचे बाकीचे सगळे प्रश्न त्याआधीच सुटलेले असतील, हे त्यांना पटले नाही. अखेर तहात पश्चिमेची भिंत ठोकळ्यांची आणि बाकीच्या विटेच्या असे ठरले. पश्चिमेच्या भिंतीचा मोठा भाग एलिव्हेशनने आधीच बळकावलेला असल्यामुळे माझ्या वाट्याला काचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तेवढ्या आल्या. तरीही बांधकाम पाहायला येणारा प्रत्येक नातलग नेमक्या त्या पट्टीपाशी थांबतो, तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो, कान देतो आणि मान हलवून पुढे जातो.

खरे तर घर तापते ते मुख्यत्वे वरून. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते सावकाश खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावरचा पंखा म्हणूनच रात्री अकरा वाजताही गरम वारा फेकतो. यावर आपल्याकडचा जुना, स्वस्त आणि शहाणा उपाय म्हणजे स्लॅबवर मातीची मडकी पालथी मांडून त्यांवर कोबा करणे. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णतेला खाली उतरू देत नाही. ही योजना मी उत्साहाने मांडताच साईटवर अशी शांतता पसरली की मिक्सरसुद्धा थांबला. मिस्त्रींनी टोपी काढली. "सायेब," ते हळू आवाजात म्हणाले, "मडकं शेवटाला लागतं. वास्तुशांतीच्या आधी मडक्यांची ट्रॉली दारात उतरवू नगासा." नानांनी प्रथमच मिस्त्रींच्या बाजूने मत दिले. गच्चीवर मग पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक झाला, आणि तो ऊन चांगले परतवतो हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. फक्त एप्रिलमध्ये दुपारी तिथे कुरडया घालायला जाणाऱ्या स्त्रीवर्गाला काळा चष्मा लावावा लागतो आणि त्याबद्दल वर्षभर मला ऐकून घ्यावे लागते.

उपकरणांच्या बाबतीत जनमत माझ्या बाजूने होते, कारण उपकरणांना तारे असतात आणि तारे दिसतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2006 मध्ये ही तारांकनाची पद्धत सुरू केली. तिची खुबी अशी की निकष अधूनमधून कडक केले जातात, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आजच्या मोजपट्टीवर तीन ताऱ्यांवरही येऊ शकतो. म्हणून दुकानात तारे न मोजता चिकटपट्टीवर लिहिलेली वर्षाची युनिटे वाचावीत, असे मी घरी सांगितले. त्याप्रमाणे कमी युनिटांचा फ्रिज आला. तो येण्यापूर्वीच फर्निचरवाल्याने त्याच्यासाठी प्लायवुडचा इतका चपखल कोनाडा करून ठेवला होता की फ्रिज आत गेल्यावर मागेपुढे काडीही शिरेना. फ्रिज आतली उष्णता पाठीतून आणि कुशीतून बाहेर टाकतो. त्याला जागा दिली नाही तर कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि पट्टीवरचा आकडा पट्टीवरच राहतो. मी दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा मागितली. "त्या फटीत झुरळं होतील," असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि झुरळापुढे ऊर्जाशास्त्राचे काही चालत नाही. शेवटी कोनाड्याचे वरचे फळकूट काढून उष्णतेला वाट करून दिली. आठवड्याच्या आत त्या वाटेवर चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा येऊन बसला.

पंख्यांची कथा याहून करुण आहे. साधा पंखा पाऊणशे वॅटच्या आसपास घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरीचा, पंखा तीसच्या. बारा तास फिरला तर एका पंख्यामागे रोज अर्धा युनिट वाचतो, शिवाय लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तो दुप्पट वेळ तग धरतो. हा पंखा रिमोटवर चालतो, भिंतीवरच्या जुन्या धाटणीच्या रेग्युलेटरवर नव्हे. वायरमनने मात्र, सांगूनही, प्रत्येक खोलीत रेग्युलेटर बसवले, "बोर्डात भोक रिकामं बरं दिसत नाही" म्हणून. त्यांना जोडणी नाही. नाना रोज रात्री झोपताना तो रेग्युलेटर पाचवरून तीनवर आणतात, थोडा वेळ पंख्याकडे पाहतात आणि "आता कसं बरं वाटतंय" म्हणून झोपी जातात. खरा रिमोट पायजम्याच्या नाडीने खिडकीच्या गजाला बांधला आहे. नाडी आखूड असल्याने पंख्याचा वेग बदलायचा तर खिडकीशी उकिडवे बसावे लागते.

उन्हाळा आला आणि एलिव्हेशनने आपले काम चोख बजावले. चारच्या सुमारास दिवाणखान्यातल्या सोफ्याचा पश्चिमेकडचा हात बसण्याच्या पलीकडे तापू लागला. काच पक्की बसवलेली, तिला उघडण्याची सोय नाही. त्यामुळे यवतेश्वरावरून येणारा वारा तिच्यावर आपटतो आणि वळून शेजाऱ्यांच्या घरात जातो. ते आमच्या एलिव्हेशनची मनापासून स्तुती करतात. मग काचेला आतून जाड, अस्तराचे पडदे लावले. ऊन काचेतून आत आल्यानंतर पडद्याने फारसे साधत नाही, ते बाहेरच अडवावे लागते, हे बोलून दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि पडद्यापाठोपाठ एसी आला. अशा रीतीने एका खिडकीचे पैसे आम्ही तीनदा भरले. रस्त्यावरून आता पडद्याचे अस्तर दिसते. ते मातकट रंगाचे आहे.

सौरऊर्जेचा निर्णय त्यानंतरचा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, एक किलोवॅटमागे रोज सरासरी चार युनिटे धरता येतात आणि वापरून उरलेली युनिटे नेट मीटरमधून बाहेर जाऊन बिलात वळती होतात, एवढा हिशेब नानांनाही आवडला. अडचण पाण्याच्या टाकीची निघाली. वास्तुशास्त्राच्या आग्रहाने टाकी गच्चीच्या नैऋत्येला, सर्वांत उंच चौथऱ्यावर बसवलेली; हिवाळ्यात दुपार कलली की तिची सावली नेमकी ईशान्येकडच्या पॅनेलवर जाऊन पडते, आणि एका पॅनेलचा कोपरा झाकला गेला तरी त्याच्या ओळीतल्या इतरांचेही उत्पादन घटते. टाकी हलवायची की पॅनेल, यावर घरात सभा झाली. पॅनेल हलले.

बिल मात्र खरोखर खाली आले, आणि तिथूनच संकट सुरू झाले. यंत्र काटकसरी झाले की माणसे इंधन कमी न जाळता उलट जास्त जाळू लागतात, असे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच कोळशाच्या संदर्भात म्हणून ठेवले आहे. आमच्या घरी ते वीज फुकट झाल्याच्या आनंदात घडले. जुना फ्रिज भंगारात जाणार होता, तो वरच्या मजल्यावर फक्त कैऱ्यांसाठी आणि पाहुण्यांच्या थंड पाण्यासाठी चोवीस तास सुरू झाला. सोलर हीटर असताना, त्याच्या लांबलचक पाइपातले अर्धी बादली गार पाणी आधी सोडावे लागते म्हणून, खालच्या न्हाणीघरात गिझर आला. त्याची पंधरा लिटरची टाकी तापवायला दर खेपेस पाऊण युनिटाच्या आसपास लागते. ज्यांनी आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला, ते नाना आता मोबाइलवर सौर उत्पादनाचा आलेख पाहून, "युनिटं बाहेर चालली आहेत, कोणीतरी काहीतरी लावा," असे ओरडत घरभर फिरतात.

परवा मेहुणे पुन्हा आले होते. वरच्या खोलीत दुसरा एसी बसवावा आणि त्यासाठी तीन किलोवॅटचे पाच करावेत, असे त्यांनी जेवताना सुचवले. तीन किलोवॅटच्या पुढे अनुदान रुपयानेही वाढत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले.

"अनुदान नाही वाढलं तर नाही वाढलं, दाजी," आमटीची वाटी पुढे करत ते म्हणाले, "पाच किलोवॅटचे पॅनेल रस्त्यावरून तरी दिसतील."