गप्पींची सुकट

भाचीने दिलेले चार गप्पी मासे महिनाभरात एकोणीस झाले. ही जात अंडी घालत बसत नाही, थेट पोहणारी पिल्लंच देते. सोबत आलेली खाण्याची डबी अर्थातच संपली आणि मी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. चूक एवढीच झाली, की आईला बरोबर नेलं.

"गप्पींसाठी सुकं खाणं द्या."

"फ्लेक्स, पेलेट, ट्युबिफेक्स, ब्लडवर्म, डॅफ्निया का आर्टेमिया?"

मी आईकडे पाहिलं. आई मूळची मालवणची. पावसाळ्याआधी आगोटीची सुकट तिने निवडायची आणि बाकीच्यांनी पिशव्या धरायच्या, अशी आमच्याकडची रीत. तिने ब्लडवर्मचं पाकीट उजेडात धरलं, कानाशी नेऊन खुळखुळवलं.

"खंयची ही? फोडून वास घेऊ दे."

"सीलबंद आहे, आजी."

"सीलबंद सुकट कोण घेतं?"

दहा ग्रॅमला एकशेवीस रुपये. आईचा हिशेब तोंडी असतो. "किलोला बारा हजार! पापलेट खायला घाल त्यांना." एवढं आहे तरी काय त्यात, या प्रश्नावर दुकानदाराने खरं सांगून टाकलं : डासासारख्या किड्याच्या अळ्या, वाळवलेल्या. तांदळात एक अळी दिसली तर अख्खा डबा उन्हात घालणारी बाई ती! पाकीट तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून परत ठेवलं.

दुकानदाराने मग स्पिरुलिनाचे फ्लेक्स काढले. "हे शेवाळाचं." आईचा चेहरा खुलला. "हे श्रावणात चालेल." पण गप्पीला दोन्ही लागतं म्हणे, शेवाळही आणि किडेही. शेवटी दोन्ही घेतलं. पेलेट मात्र दुकानदारानेच नको म्हटलं. गप्पीचं तोंड वर वळलेलं आणि मोहरीएवढं. दाणा तळाशी गेला की तिथेच कुजणार.

घरी येऊन चिमूटभर ब्लडवर्म चुरून टाकले. एकोणीसही वर धावले, तोंडात घेतले आणि थुंकले. पुन्हा घेतले, पुन्हा थुंकले. विषय बदलावा म्हणून मी आईला सांगितलं, की गप्पी हे नाव गप्पांवरून नाही, त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी या गृहस्थावरून आलं. त्याने १८६६ साली हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले होते.

"तो काय खायला घालायचा, ते लिहिलंय का कुठे?"

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या आरोग्य खात्याचा माणूस दारात. त्याने गॅलरीत जाऊन तुळशीच्या कुंडीखालच्या थाळीत बॅटरी मारली. पाण्यात वळवळ.

"डासांच्या अळ्या आहेत, साहेब. डेंग्यू होईल. थाळी रोज ओतत जा. आणि सोसायटीच्या हौदात गप्पी मासे सोडा, अळ्या मटामट खातात. आम्ही फुकट देतो."

आईने थाळीकडे पाहिलं. मग टीव्हीवर ठेवलेल्या एकशेवीसच्या पाकिटाकडे. मी थाळी ओतायला उचलली, तर म्हणाली, "थांब." आत गेली आणि चहाची गाळणी घेऊन आली.

आमच्या घरात गाळणी एकच आहे.