टॅबलेटवर पाण्याचं बटण का नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

काकांच्या तब्येतीला आता उतार असेल अशी आशा करतो. तुम्ही लिहिलंय की, स्वरयंत्राच्या ऑपरेशननंतर आवाज नसताना बटण दाबून बोलता यावं म्हणून आमच्याकडून भाड्याने नेलेल्या टॅबलेटवर साधं पाणी मागायचं बटण नव्हतं, आयसीयूत स्क्रीन काकांच्या बोटाला दाद देत नव्हती, आवाज रोबोटसारखा होता आणि ॲप फुकट मिळत असताना आम्ही भाडं उकळतो.

आधी पाण्याचं. ते बटण आम्ही मुद्दाम ठेवलेलं नाही. पूर्ण स्वरयंत्र काढलं की घशातले टाके भरून येईपर्यंत तोंडाने घोटभरही देत नाहीत. साधारण आठवडाभर, कधी त्याहून जास्त, सगळं नाकातल्या नळीतून. पेशंटने 'पाणी' दाबलं आणि भेटायला आलेल्या मावशींनी मायेने पेला पुढे केला, तर निस्तरणार कोण? म्हणून तिथे 'तोंड कोरडं पडलंय, ओठ ओले करा' असं आहे. सगळ्यात मोठा लाल चौकोन 'कफ अडकलाय, सक्शन करा' (म्हणजे नळीने ओढून काढा) याचा. स्वरयंत्र काढल्यावर गळ्याच्या भोकातून श्वास घेणाऱ्याला तहानेपेक्षा त्याची घाई असते.

स्क्रीनचं म्हणाल तर बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा असतो. टचस्क्रीनला कातडीचा स्पर्श लागतो, प्लास्टिक कितीही दाबा, ती ढिम्म. चिमटा दुसऱ्या हाताला लावायला सिस्टरना सांगा, हे आमच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे. दुसरी ओळ चष्म्याची. थिएटरमध्ये नेताना चष्मा काढून नातेवाइकांकडे देतात आणि तो खाली वेटिंगमध्ये पिशवीतच राहतो. जवळचं दिसत नसेल तर कितीही महागडा टॅबलेट धरा, उपयोग शून्य.

सोबतच्या पांढऱ्या बोर्डाला तुम्ही 'चेष्टा' म्हटलंय. गुंगी उतरली की ज्यांना लिहिता येतं त्यांना मी स्वतःच सांगतो, बोर्ड घ्या. (खडूची पाटी मात्र नको, धूळ थेट श्वासात जाते.)

तयार मराठी आवाज जसा आहे तसाच आहे, तो माझ्या हातात नाही. म्हणूनच ऑपरेशनआधी पेशंटच्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करायचा आग्रह धरतो. तुम्ही ज्याला 'आदल्या दिवशी डोकं खाल्लं' म्हणता ते हेच, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. गळ्यात नळी बसल्यावर टॅबलेट शिकवायला गेलं तर गुंगीतला माणूस चिडतो आणि टॅबलेट कायमचा कपाटात जातो.

आयआयटी मुंबईचं जेलो हे चित्रं दाबून बोलायचं ॲप फुकट आहे, मराठीतही आहे आणि चांगलं आहे. पण ते बोलता न येणाऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलंय, आयसीयूतल्या पेशंटसाठी नाही. आमचं भाडं टॅबलेटपेक्षा कॉटला लावायच्या स्टँडचं आणि माणसाच्या फेऱ्यांचं जास्त आहे. त्यामुळे ते परत करणार नाही. डिपॉझिट मात्र पूर्ण मिळेल.

काकांनी केलेली थोडी रेकॉर्डिंग्ज अजून टॅबलेटमध्ये आहेत. पुढच्या पेशंटला देण्याआधी आम्ही सगळं पुसतो, तेव्हा डिपॉझिट न्यायला याल तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन या.