रेल्वे दिली नाही, विकली

परवा रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालं. मालगाडी कुठेतरी घसरल्याच्या बातमीखाली पुण्याच्या आतेभावाने लिहिलं, "इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून निदान एवढं तरी आहे, आपल्याला सांभाळताही येत नाही." त्याला पटापट अंगठे पडले. मग पुतण्या उठला. म्हणे ते सगळं लुटीसाठी होतं, आणि स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर उभी केलेली ती वाफेची इंजिनं गुलामीची निशाणी आहेत, वितळवून टाका. त्यालाही अंगठे. मी इथे ग्लासगोत पावसात बसची वाट बघत उभा होतो आणि डोकं तापलेलं. राग दोघांचा आला, पण आतेभावाचा जास्त, कारण त्या "दिली" शब्दाने माझा जीव जळतो.

मी ग्लासगोतल्या स्प्रिंगबर्न या भागापासून दहा मिनिटांवर राहतो. १९०३ मध्ये इथे तीन कंपन्या एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह झाली, तेव्हाचा युरोपातला सगळ्यात मोठा इंजिन कारखाना. इंजिन तयार झालं की ते रस्त्यावरून ओढत क्लाइड नदीच्या काठी न्यायचे, क्रेनने उचलून बोटीत ठेवायचे, आणि पोरंसोरं फुटपाथवर उभी राहून बघायची. त्यातली कितीतरी आपल्याकडे आली. जीआयपीच्या, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, मालगाड्या ओढणारी ती जड इंजिनं, पुढे दोन छोटी चाकं आणि मागे आठ मोठी, त्यांच्या पाट्यांवर ग्लासगोचं नाव असायचं. त्या प्रत्येक इंजिनाचं बिल झालेलं आहे. फुकट एकही आलं नाही.

आणि बिल भरलं कोणी? रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना ५ टक्क्यांची हमी होती, नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून, म्हणजे आपल्याच पणजोबांच्या खिशातून. कंपनीने कितीही उधळपट्टी केली तरी तिचे ५ टक्के पक्के, मग काटकसर कोण कशाला करेल. १९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली तीही आपल्याच पैशांनी. याला आमचा भाऊ "दिली" म्हणतो. मी ऑनलाइन फ्रिज मागवला तर दुकानदाराने मला फ्रिज दिला असं म्हणू का?

बरं, आपल्याला इंजिन बनवता येत नव्हतं असंही नाही. अजमेरच्या वर्कशॉपमध्ये १८९५ मध्ये एफ ७३४ नावाचं इंजिन बनलं, मीटर गेजचं, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरचं, आजही दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे. जमालपूरला १८९९ पासून इंजिनं बनली. तरी इंग्रज गेले तोवर ब्रिटनमधून दहा हजारांहून जास्त इंजिनं आली आणि भारतात बनली ती सातशेच्या आसपास. १९२१ मध्ये जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह नावाची कंपनी निघाली, तिला ऑर्डरीच मिळाल्या नाहीत, तीन वर्षांत गुंडाळली. आपल्याकडे ऑर्डर नाही आणि इथे स्प्रिंगबर्नमध्ये ओव्हरटाइम. मी ज्या लाल दगडाच्या चाळवजा इमारतीत राहतो ना, तशा इमारती त्या पगारांवर उभ्या राहिलेल्या आहेत. इथल्या माणसाला विचारा की तुमचं गाव हिंदुस्थानने उभं केलं का, तो तुमच्याकडे बघतच राहील.

माल कुठला जायचा तेही सांगतो, कारण आम्ही भुसावळचे आहोत, आम्हाला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. नागपूरची लाइन आणि जबलपूरची लाइन भुसावळला एकत्र येते. वऱ्हाडातला कापूस या लाइनीनेच मुंबई बंदरात जायचा. १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा नेला तो कापसाच्या बाजारासाठी, आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढे शकुंतला नावाची छोटी गाडी आली, यवतमाळ-मूर्तिजापूर, नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांवरची, तिचं १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. बंदराकडे जाणाऱ्या मालाचे दर स्वस्त आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे महाग, अशी आपल्या पुढाऱ्यांची तेव्हाची तक्रारच होती. तेव्हा पुतण्याचं लुटीबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे.

पण मग तो म्हणतो इंजिन वितळवा, तिथे मी थांबतो. कारण ते इंजिन चालवलं कोणी? माझे आजोबा, नाना, १९३८ मध्ये भुसावळच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग सेकंड फायरमन, मग फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. मेलचे ड्रायव्हर बहुतेक गोरे नाहीतर अँग्लो-इंडियन, आपल्या माणसाच्या वाट्याला शंटिंग, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं, आणि मालगाडी. रात्री कॉल बॉय दारावर काठी आपटायचा, आजी उठून भाकरी बांधायची, आणि नाना ती लाइन बॉक्स, ड्युटीवर न्यायची लोखंडी पेटी, डोक्यावर घेऊन शेडला. भुसावळ ते मनमाड जेमतेम एकशे ऐंशी किलोमीटर, पण मालगाडीला कोण विचारतो, मेलला वाट द्यायला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासन् तास उभं राहायचं, कधी अख्खा दिवस जायचा. खानदेशातला मे महिना, समोर भट्टीचं तोंड उघडं, आणि हाताने फावडं मारायचं. नुसता ढीग टाकून चालत नाही, कोळसा पातळ आणि सगळीकडे सारखा पसरावा लागतो, कोपऱ्यात आधी, नाहीतर आग मरते, वाफ पडते आणि चढावर गाडी उभी राहते. नाना सांगायचे, आग आवाजावरून कळते. पुढे इगतपुरीला घाटासाठी विजेचं इंजिन लागायचं, रडण्यासारखा आवाज करणाऱ्या त्या इंजिनाला खेकडा म्हणायचे, पण ते नानांच्या हद्दीच्या पलीकडचं.

नाना त्यांच्या आवडत्या इंजिनाला चौकटवाली म्हणायचे. का ते मी कधी विचारलं नाही. इथल्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये दक्षिण आफ्रिकेतून २००७ मध्ये परत आणलेलं एक प्रचंड इंजिन आहे, १९४५ चं, याच शहरात बनलेलं. ते बघून आलो आणि रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की नॉर्थ ब्रिटिशच्या पोलमाडीच्या कारखान्याची पाटी पत्त्यातल्या चौकटसारखी असायची, कारण तिथल्या आधीच्या ड्यूब्ज कंपनीची तशीच होती. चौकटवाली! मी किचनमध्ये उभा राहून रडलो, बायको घाबरली. या शहराने आपलं इंजिन अर्ध्या जगावरून परत आणलं आणि तुम्ही लोक दारातलं वितळवायला निघालात.

आता जे लिहितोय ते ग्रुपवर कधी लिहिलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी इथे ऑफिस सुटल्यावर पबमध्ये एक सहकारी म्हणाला, काही म्हण, आम्ही तुम्हाला रेल्वे तर दिली. माणूस वाईट नव्हता, त्याचा आजोबा स्प्रिंगबर्नमध्येच रिव्हेट मारायचा. मला शेतसारा, अजमेर, पेनिन्सुलर सगळं तेव्हाही माहीत होतं. पण माझे कायमच्या व्हिसाचे कागद गेलेले होते, मॅनेजर टेबलावर बसलेला होता, आणि मी मान हलवून म्हणालो, हो, ते खरं आहे. आतेभावाला जे तीन स्क्रीन भरून लिहितो ते त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही. १९६२ मध्ये नॉर्थ ब्रिटिश बुडाली आणि २०१९ मध्ये शेजारचं सेंट रोलॉक्सचं रेल्वे वर्कशॉपही बंद झालं, तेव्हा त्याच माणसाबरोबर मी मनापासून हळहळलो. भुसावळची वाफेच्या इंजिनांची शेड बंद झाली तेव्हा मी कोणाबरोबर हळहळलो ते मला आठवत नाही.

आणि ज्या आतेभावावर मी एवढा चिडतो, नानांच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्या उशाशी तोच होता. कोळशाने भरलेल्या छातीचा खोकला त्याने ऐकलाय, मी फोनवर ऐकला. लाइन बॉक्सही त्याच्याकडेच आहे, पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत, त्यावर कुंड्या ठेवल्यात.

बसमध्ये चढल्यावर मोठं उत्तर टाइप केलं, खोडलं, परत केलं, परत खोडलं. शेवटी एवढंच विचारलं की पेटीवर नानांचं नाव अजून दिसतं का. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तरी पाच मिनिटांत फोटो आला. कुंड्या बाजूला सरकवलेल्या, पांढऱ्या रंगातली दोन अक्षरं शाबूत आणि बाकी गंज. खाली त्याने लिहिलं होतं, किल्ली आईबरोबरच हरवली, पण कुलूप तोडलेलं नाही.