"जीमेलने स्कॅन टू ईमेल बंद केलंय, मशीन बदला" – हे चुकीचं आहे, मुद्द्यागणिक सांगतो

ऑफिसांच्या नि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा – "गुगलने झेरॉक्स मशीनवरून मेल पाठवणं बंद केलंय. प्रिंट येतेय म्हणजे नेटवर्क ओके, दोष मशीनचाच. तात्पुरतं चालवायचं असेल तर टू स्टेप व्हेरिफिकेशन आणि एसएसएल बंद करून पोर्ट २५ टाका, नाहीतर नवीन मशीन घ्या." हे वाचून लोक खरंच चांगली चालणारी मशीन काढायला निघालेत, म्हणून लिहितोय.

गुगलने काय बंद केलं ते आधी बघू. मशीनमध्ये जीमेलचा नेहमीचा पासवर्ड टाकला की मेल जायची, ती पद्धत बंद झाली. साध्या जीमेल अकाउंटला ३० मे २०२२ पासून आणि कंपनीच्या वर्कस्पेस अकाउंटला २०२५ मध्ये. स्कॅन टू ईमेल, म्हणजे मशीनवर स्कॅन केलेला कागद थेट मेलने पाठवणं, बंद झालेलं नाही. अकाउंटला टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर अजून एकदा खात्री करणं) चालू करायचं, मग ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त मशीनसाठीचा वेगळा पासवर्ड बनवायचा, १६ अक्षरं येतात, ती मधल्या स्पेस न देता सलग मशीनमध्ये टाकायची. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल (दोन्ही मेल सुरक्षित, एन्क्रिप्ट करून पाठवायच्या पद्धती), युजरनेममध्ये पूर्ण ईमेल आयडी आणि फ्रॉम ॲड्रेसपण तोच. बहुतेक ऑफिसांचं काम इथेच होतं. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, गुगल अकाउंटचा मेन पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे अकाउंटंट सोडून गेला, साहेबांनी पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन बंद, तर मशीनला काही झालेलं नसतं, नवीन ॲप पासवर्ड बनवून टाका.

आता तो टू स्टेप बंद करायचा सल्ला. हा तर पूर्ण उलटा आहे, कारण टू स्टेप बंद केलं की ॲप पासवर्ड बनवताच येत नाही! म्हणजे अकाउंटची सुरक्षा गेली आणि स्कॅनपण चालणार नाही. त्या अकाउंटमध्ये लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट स्कॅन होऊन पडलेले असतात, ते असं उघडं टाकायला सांगणाऱ्याचा मला खरंच राग येतो. एसएसएल बंद करून तर जीमेल लॉगिनच घेत नाही. आणि पोर्ट २५ बरेच इंटरनेटवाले स्पॅम थांबवायला स्वतःच ब्लॉक करून ठेवतात, त्यामुळे तिथून कनेक्शनच लागत नाही आणि माणूस म्हणतो बघा मशीन खराब.

"प्रिंट येतेय म्हणजे नेटवर्क ओके" हे ऐकायला बरोबर वाटतं पण नाहीये. प्रिंट तुमच्या कॉम्प्युटरवरून मशीनला जाते, सगळं ऑफिसच्या आतल्या आत, त्याला इंटरनेट लागतच नाही. मेलला मात्र मशीनला स्वतः बाहेर जावं लागतं, त्यासाठी गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बरोबर हवं. मशीनचा आयपी हाताने फिक्स केलेला असतो, ब्रॉडबँड बदललं, राउटर बदलला, तरी मशीनमध्ये गेटवे जुनाच किंवा डीएनएसचा रकाना रिकामा, मग प्रिंट मस्त येत राहते आणि स्कॅन मात्र "सर्व्हर सापडला नाही" म्हणून थांबतो. तारीख-वेळपण बघा, मशीनची तारीख मागे गेलेली असेल तर सर्टिफिकेट तपासताना कनेक्शन तुटू शकतं.

खरं म्हणजे एरर वाचला की अर्धं काम होतं. मशीनच्या जॉब लॉगमध्ये ५३५ दिसला तर युजरनेम-पासवर्डचा घोळ, ५३४ आणि ॲप पासवर्ड मागितला तर वर लिहिलंय तेच, ५५२ आला तर फाइल मोठी, आणि नुसतं कनेक्शन फेल असेल तर पोर्ट, डीएनएस, फायरवॉल. फाइलचं म्हणाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वर गेलात की अडकायची शक्यता. ६०० डीपीआय कलरमध्ये ४० पानं कशाला स्कॅन करायची, साध्या कागदपत्रांना ३०० डीपीआय ब्लॅक अँड व्हाइट भरपूर झालं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धवट खरी आहे ती मान्य करतो. खूप जुन्या मशीनला टीएलएस १.२ (एन्क्रिप्शनची नवी आवृत्ती) येत नाही आणि मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर खरंच अडतं. पण तिथेही आधी फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतं का ते सर्व्हिस इंजिनियरला विचारा, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असेल तर हक्काने विचारा. नाहीच मिळालं तर स्कॅन टू फोल्डर वापरा, फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येते आणि तिथून मेल करता येते. फक्त इंजिनियर त्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करायला लागला तर थांबवा, मायक्रोसॉफ्टने ते सुरक्षेसाठीच बंद ठेवलंय. मशीनमध्ये एसएमबी २ किंवा एफटीपीचा ऑप्शन आहे का ते बघायला लावा, आणि तेही नसेल तर पेनड्राइव्हवर स्कॅन घ्या, एवढ्यासाठी नवीन मशीनची ऑर्डर देऊ नका.