स्पर्मिडीन कॅप्सूलच्या 1 स्टार रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. 3 महिने रोज कॅप्सूल घेतली, थकवा तसाच, विसरायला होतं तेही तसंच, 'पेशींची सफाई' हा आमचा दावा शुद्ध थाप आहे, यामागचं संशोधन खोटं आहे आणि गव्हाचा उल्लेख बारीक अक्षरात लपवलाय, असं तुम्ही लिहिलंय.

आधी गव्हाचं बोलतो. स्पर्मिडीन म्हणजे आपल्या पेशींत आणि काही पदार्थांत मुळातच असणारं एक द्रव्य, आमचं व्हीट जर्ममधून काढलेलं आहे, म्हणजे गव्हाच्या दाण्यातला ज्याला कोंब फुटतो तो भाग, त्यामुळे ज्यांना सिलिअ‍ॅक आहे (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही कॅप्सूल घ्यायचीच नाही, आणि हे डबीवर समोरच मोठ्या अक्षरात पाहिजे होतं. चूक आमची, माफ करा. नवीन लेबलवर ते पुढे घेतलंय, पण तुमच्या घरात कोणाला गहू चालत नसेल तर उरलेल्या कॅप्सूल आजच बाजूला काढा प्लीज.

संशोधन खोटं आहे हे मात्र मला मान्य नाही. पेशी स्वतःतले खराब झालेले भाग मोडते आणि त्यातलं कामाचं परत वापरते, याला ऑटोफॅजी म्हणतात, ती कशी चालते हे शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या टीमने 2009 मध्ये दाखवलं की स्पर्मिडीन दिल्यावर यीस्ट, माश्या आणि कृमी जास्त जगतात आणि त्यामागे ही ऑटोफॅजीच आहे, नंतर उंदरांच्या हृदयालाही फायदा दिसला.

पण माणसांचं काय? इटलीतल्या ब्रुनेकमध्ये 829 लोकांवर 20 वर्षं लक्ष ठेवलं, ज्यांच्या जेवणात स्पर्मिडीन जास्त होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, पण ते जेवणातलं होतं, कॅप्सूलमधलं नाही, आणि असं खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपत असतील तर श्रेय नक्की कशाचं हे त्यातून कळत नाही. मग बर्लिनमध्ये, आपली स्मरणशक्ती कमी होतेय असं वाटणाऱ्या 100 वयस्कर लोकांवर 12 महिने चाचणी झाली, स्पर्मिडीन गटाला रोज 0.9 मिलिग्रॅम, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण स्पर्मिडीन नसलेली कॅप्सूल, 2022 मध्ये निकाल आला आणि स्मरणशक्तीत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे विसरण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते या निकालाशी जुळतं, तुमच्या घेण्यात काही चुकलं असं अजिबात नाही.

ऑटोफॅजी चालू आहे की नाही हे कोणालाच आतून जाणवत नाही, त्यामुळे 'फरक स्वतः अनुभवा' असं आम्ही लिहायलाच नको होतं. ती ओळ काढून टाकली आहे, 'पेशींची सफाई' पण काढलं, कारण वाचणाऱ्याला वाटतं की हे त्याच्या शरीरात होणार असं सिद्ध झालंय आणि माणसांत कॅप्सूलबाबत तसं अजून झालेलं नाही.

जेवणातून मिळतं तर विकता कशाला, असंही तुम्ही विचारलंय. सोयाबीन, मशरूम, मुरलेलं चीज, डाळी, अख्खं धान्य यात स्पर्मिडीन असतं आणि ज्यांच्या ताटात हे नेहमी असतं त्यांना आमच्या कॅप्सूलची गरज आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांना हे खाणं जमत नाही आणि वरचं सगळं वाचूनही घ्यायचंय, त्यांच्यासाठी ती आहे, बस एवढंच.

तुमचे पूर्ण पैसे परत करतोय, डबी परत पाठवायची गरज नाही. ऑर्डर नंबर इथे न टाकता मेसेजमध्ये पाठवा.